कुणीच न पाठवलेलं अपडेट

विर्रात गावच्या एका म्हातारीनं सोमवारी सकाळी मदतकक्षाला फोन केला. "देव तुमचं भलं करो पोरांनो. आज पहिल्यांदा माझ्या फोनवर बँक उघडली."

*

अ‍ॅस्पेनचं लाकूड तापत नाही आणि त्याला राळ सुटत नाही. साउनातली, म्हणजे वाफेच्या खोलीतली, बाकं म्हणून त्याचीच करतात. वाफ कितीही चढो, उघड्या ढुंगणाला चटका बसत नाही.

*

माइलिस कोर्पिवाराच्या गुडघ्याचा तपासणी अहवाल आला होता. तो पाहण्यासाठी फोनवर ओळख पटवायची होती. ओळखीची मुदत संपली होती. मुदत वाढवण्यासाठी आधी ओळख पटवायची होती.

*

प्रोग्रॅम लिहिणारी माणसं अपडेट रात्री पाठवतात. लोक झोपलेले असतात. काही बिघडलं तर उजाडायच्या आत निस्तरता येतं.

*

"माझं आयुष्य मी परक्याच्या माळ्यावर ठेवणार नाही." हे आर्नो पेल्तोसारीचं वाक्य. जिथे जाईल तिथे, कुणी विचारलेलं नसताना.

*

हिमेना काट्रिलेओच्या निवास परवान्याला शुक्रवारपर्यंत मालकाचा दुजोरा हवा होता. दुजोरा नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर विमान.


एक

ताम्पेरेत नोव्हेंबर लागला की आकाशातून जे पडतं त्याला धड पाऊस म्हणता येत नाही आणि धड बर्फही नाही. बुधवारी सकाळी ते अंगावर घेत, लंगडत, माइलिस तिसरा मजला चढली. इमारतीला लिफ्ट होती. लिफ्टला कार्ड लागत होतं. कार्ड वर गेल्यावर मिळणार होतं.

"या देशात आता मुतायच्या आधीसुद्धा ओळख पटवावी लागेल," दार उघडणाऱ्या माणसाला ती म्हणाली.

दार उघडणारा युर्की हाउताला. राउहा फोन बनवणाऱ्या छोट्याशा कंपनीचा व्यवस्थापक. माइलिसनं सारी नोकरी पोलिसात चौकशा करण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर ज्यांना पोलिसांत जायची लाज वाटते असे लोक तिला बोलवत.

"आपला फोन दोन्ही मोठ्या कंपन्यांपैकी कुणाच्याच ओंजळीनं पाणी पीत नाही," युर्कीनं सुरुवात केली. "यंत्रणा आपली, नकाशे आपले. माणसाची कुठलीही गोष्ट फोनबाहेर जात नाही. लोक तेवढ्यासाठीच तो घेतात."

"बरं. मग काय चोरीला गेलं?"

"काहीच नाही. उलट आलंय. सोमवारी सकाळी आपल्या प्रत्येक फोनवर एक अपडेट उतरलं. त्यानं मोठ्या कंपनीच्या सेवा आत आणून बसवल्या. आता बँकेचं अ‍ॅप चालतं, दवाखान्याचं चालतं, पाळणाघराचं चालतं. आणि फोन गुपचूप सगळं त्यांच्या क्लाउडवर चढवतो."

"पाठवलं कुणी?"

"कुणीच नाही."

"लोक काय म्हणतात?"

युर्कीचं तोंड कच्चं लिंबू चावल्यासारखं झालं. "आभार मानतात. विर्रातच्या एका आजींनी तर आशीर्वाद दिले."

आतल्या खोलीत फोन वाजत होता. एक बाई शांत आवाजात म्हणत होती, "हो आजी, आता चालेल. घाई नाही, सावकाश बघा."

युर्कीनं दार लोटलं. प्रत्येक अपडेटवर कंपनीची मोहोर लागते, त्यानं समजावलं. ती मोहोर उघडते चोवीस शब्दांनी. शब्द क्रमानं दिले तरच फोन अपडेट आत घेतो. ते शब्द फक्त आर्नोला, कंपनीच्या संस्थापकाला, तोंडपाठ आहेत.

"आणि लिहून कुठं ठेवलेत? तिजोरीत?"

"साउनात."

माइलिसनं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"आर्नोच्या तळ्याकाठच्या घरी," युर्की घाईनं म्हणाला. "वरच्या बाकाच्या खालच्या बाजूला, तापल्या सळईनं डागलेत. त्याचं म्हणणं, अख्ख्या देशात तीच एक खोली आहे जिथं कुणी फोन नेत नाही. त्या उष्णतेत फोन मरतो. आणि माणूस आत जातो नागडा. कॅमेरा लपवायला खिसाच नाही."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"ऑफिसात सगळ्यांना. दर उन्हाळ्यात तिथंच तर जमतो. पण अंधारात, घाम डोळ्यांत उतरत असताना, आर्नो शेजारी बसलेला असताना चोवीस शब्द कोण पाठ करणार?" युर्कीनं आवाज खाली आणला. "माइलिस, प्रोग्रॅमच्या ज्या तुकड्यानं हे सगळं झालं ना, तो हिमेनानं लिहिलेला आहे. जुना प्रयोग. आर्नोनं आरडाओरडा करून बंद पाडला होता. शुक्रवारी मला परवाना कार्यालयाला कळवायचंय की ती आमच्याकडे नोकरीला आहे. चोराच्या नावानं दुजोरा देऊ कसा?"

"चोर सापडला म्हणतोस तर मला कशाला बोलावलंस?"

"सापडला असं आर्नो म्हणतो," युर्की म्हणाला. "मला खात्री हवीये. शुक्रवारच्या आत."


दोन

हिमेना खिडकीपाशी बसून नळीनं माते, तिच्या देशाचा कडू चहा, ओढत होती. साता समुद्रापलीकडच्या वाल्दिव्हियाची मुलगी, आता चाळिशीला टेकलेली. इथं लहानथोर सगळे एकमेकांना तू म्हणतात, ते अजून तिच्या जिभेवर बसलं नव्हतं.

"तुम्ही मला विचारायला आलात की सांगायला?"

"विचारायला."

"मग विचारा. तो तुकडा माझाच. कुऱ्हाड माझी म्हणून झाड मीच तोडलं का? ती गेली दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यात पडून आहे!"

"का लिहिला होतास?"

"कारण लोकांना बँक लागते! इथं बँकेशिवाय माणसाला माणूस म्हणत नाहीत. डॉक्टर, करखातं, मुलीची शाळा, सगळीकडे बँकेच्या अ‍ॅपनंच ओळख पटवायची. आणि ते अ‍ॅप फक्त त्या दोघांच्याच फोनवर चालतं. मी आर्नोला म्हटलं, एक छोटी खिडकी ठेवू, ज्याला हवी तो उघडेल. तो म्हणाला, खिडकीतूनच चोर येतो." ती कडवट हसली. "आता चोर मीच."

"तुझ्याकडे दुसरा फोन आहे?"

"नाही. मी वेडी आहे. इथं जे बोलतात ते मी खरं मानते."

"परवान्याचा अर्ज?"

"गेलाय. युर्कीचं एक बटण बाकी आहे." तिनं मातेचा पेला खाली ठेवला. "माझी रायेन इथल्या पोरांसारखं बोलते. माझ्या फिनिशला हसते. तिला मी काय सांगू? आई ज्याच्या विरुद्ध भांडत होती तेच केल्याबद्दल आईला हाकललं?"

माइलिस उठली. तिच्या अनुभवात खरे गुन्हेगार इतके चिडत नाहीत, आणि चिडतातसुद्धा. त्यामुळे या अनुभवाचा आजवर तिला दमडीचा उपयोग झाला नव्हता.


तीन
*(प्रश्न एकच: तुझ्याकडे दुसरा फोन आहे का? इथं फक्त उत्तरं.)*

युर्की: "माझ्याकडे? मी या कंपनीचा व्यवस्थापक आहे, माइलिस."

आर्नो: "अपमान करायला आली असशील तर दार तिकडे आहे." (इतक्यात त्याच्या खुंटीवरच्या कोटात काहीतरी गुरगुरलं. आर्नो मोठ्यानं खोकला. तो थांबला, कोट थांबला नाही.)

युर्की, पुन्हा: "बरं, आहे एक. मुलीच्या पाळणाघरासाठी. फक्त पाळणाघरासाठी!"

आर्नो, पुन्हा: (खोकला.)

राइली, मदतकक्षातून: "आहे की. ड्रॉवरमध्ये. बघायचाय? या ऑफिसात एकटी हिमेना सोडली तर सगळ्यांकडे आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."


चार

राइली तम्मिस्तो मदतकक्षात एकटी बसे. आतल्या खोलीतला शांत आवाज तिचाच होता. साठीला आलेली, रुंद हाताची, न विचारता कॉफी ओतणारी. तिनं वेलदोड्याचा पाव माइलिसपुढे सरकवला आणि वाजणारा फोन बाजूला ठेवला.

"उचल ना," माइलिस म्हणाली.

"आभारच असणार. थांबतील. शिव्या असत्या तर उचलला असता."

"इथं किती वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून. त्याच्याआधी त्या मोठ्या कारखान्यात. फोन या गावात बनायचे ना, तेव्हा. अर्ध्या जगाच्या खिशात आमचं काम होतं. मग एके दिवशी कुलूप. तेव्हा हा आर्नो भेटला, म्हणाला, आपण आपला फोन काढू, कुणाच्या बापाला भीक न घालणारा." ती हसली. "मला पटलं. अजून पटतं. पण रोज त्या खुर्चीत मी बसते, तो नाही. लोक विचारतात, राइलीबाई, डॉक्टरचा निरोप उघडत नाही, काय करू? मी सांगते, शेजाऱ्याचा फोन मागा. स्वतंत्र फोन विकायचा आणि म्हणायचं, शेजाऱ्याकडे जा."

"आर्नोला सांगितलंस?"

"आर्नोला बदल सांगायचा?" राइलीनं डोळे फिरवले. "बसायची फळी सडून काळी पडली, कोपरा भुसा होऊन हातात आला, तरी तीवरच बसून राहणारा माणूस आहे तो."

माइलिस हसली. तिच्या नवऱ्याचंही असंच होतं.

"तू जातेस का त्याच्या साउनात?"

"डॉक्टरनं तीन वर्षांपूर्वीच रक्तदाबापायी साउना बंद केलीय. तेव्हापासून त्या तळ्याकाठी पाऊल नाही. सगळे आत वाफ घेणार आणि मी बाहेर बसून डास मारणार? कुणी सांगितलंय!"

माइलिसनं दुसरा पाव घेतला. निघताना तिला वाटलं की या इमारतीत खरं बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते हेच. तिच्या गुडघ्यातून कळ गेली. फोनवर दवाखान्याचा नवा निरोप होता: अहवाल पाहण्याची मुदत संपत आली आहे, कृपया ओळख पटवा.

तिनं फोन पर्समध्ये उलटा टाकला.


पाच

गुरुवारी आर्नो तिला तळ्याकाठी घेऊन गेला. वाटभर बोलला. मोठ्या कंपन्या, त्यांचे ढग, लोकांचा आळस. माइलिसनं खिडकीबाहेर बघत हुंकार दिले. पुराणातली वांगी पुराणात, तिला वाटलं, पण या माणसाकडे वांगी संपतच नाहीत.

साउना थंड होती. गारठ्यात धुराचा आणि भूर्जाच्या पानांचा वास उरला होता. आर्नोनं विजेरी दिली. माइलिस गुडघा सावरत खालच्या बाकावर आडवी झाली आणि तिनं वर पाहिलं.

चोवीस काळे शब्द, दोन रांगांत. रेखीव.

तिनं विजेरी हलवली. भिंती काळपट, खालचं बाक राखाडी. वरच्या बाकाची फळी मात्र लोण्यासारखी पांढरी.

"ही नवी आहे."

"एप्रिलमध्ये बदलली. तळ्यावरचा बर्फ फुटत होता तेव्हा."

"का?"

"सडली होती. डावा कोपरा एके दिवशी हातातच आला, पार भुसा."

माइलिस तशीच आडवी राहिली. पाठीला लाकूड बोचत होतं.

"ऑफिसात कुणाला बोललास?"

"सडलेल्या फळीची दवंडी पिटतात का? शनिवारी काढली, रविवारी बसवली. शब्द मीच डागले. जुनी फळी त्याच संध्याकाळी चुलीत घातली, राख होईपर्यंत समोर बसलो. मी खुळा नाही, माइलिस."

"फळी कुणी कापून दिली?"

"ओइवानं. पलीकडच्या वळणावरचा सुतार. त्याला शब्दांचं काही माहीत नाही. त्यानं खालची बाजू पाहिलेलीच नाही."

"मग त्याला माप कसं कळलं?"

आर्नो दाराकडे वळला. "कळवलं," तो म्हणाला.


सहा

ओइवा भुशात बसून सँडविच खात होता.

"माप? फोटो आला होता. वरून काढलेला, फळीवर टेप पसरून. डावीकडे सडकी, टेपवरचे आकडे लख्ख."

"आर्नोच्या राउहानं काढलेला?"

ओइवा इतका हसला की घास अडकला. "राउहाचा कॅमेरा? बाई, आर्नोनं मागं एकदा त्यानं काढलेला माशाचा फोटो पाठवला होता. मला वाटलं बूट आहे. नाही नाही. हा चांगल्या फोनचा होता. लाकडाची रेघन् रेघ दिसत होती." त्यानं तोंड पुसलं. "त्याला सांगू नका मी असं म्हणालो. मनाला लावून घेतो."


सात

परतीच्या बसमध्ये, कुणाचंही लक्ष नसताना, माइलिसनं पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ आपटलं.


आठ

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांना घेऊन कॉफीच्या टेबलाशी बसली. युर्की, आर्नो, हिमेना, राइली. राइलीनं सवयीनं पाव आणले. हिमेनानं पाव घेतला नाही. ती टेबलापासून खुर्ची लांब ओढून बसली होती, कोर्टात बसल्यासारखी.

"मला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही," माइलिस म्हणाली. "माझ्याच गुडघ्यात काय झालंय ते मला माझा फोन सांगत नाही. त्यामुळे मी फक्त माणसांकडे पाहिलं. पहिली गोष्ट वेळ. अपडेट सोमवारी सकाळी गेलं, मदतकक्ष उघडल्यावर. हिमेना, तू कधी पाठवतेस?"

"रात्री. सगळेच रात्री पाठवतात."

"सकाळी कोण पाठवेल? लोकांनी घाबरून फोन केला तर उचलायला कुणीतरी जागेवर हवं, असं ज्याला वाटतं तो. दुसऱ्या दिवशी ज्याला उत्तरं द्यावी लागतात तो."

कॉफीचं यंत्र सुस्कारलं.

"दुसरी गोष्ट फळी. आर्नो, एप्रिलमध्ये ती काढलीस तेव्हा शब्द नव्या फळीवर उतरवायचे होते. ते तुला पाठ आहेत, पण तू पाठांतरावर विसंबणारा माणूस नाहीस. म्हणून जुन्या फळीच्या खालच्या बाजूचा फोटो काढलास. साउना थंड होती, फोन आत नेता आला. आणि राउहाचा कॅमेरा माशाचा बूट करतो."

"कोण म्हणालं?" आर्नो उसळला.

"तू कोटातला फोन वापरलास."

आर्नोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "औषधाची चिठ्ठी नवी करायला ठेवलाय तो. हृदयाची औषधं. दुसरा मार्गच ठेवलेला नाही या लोकांनी! फोटो मी लगेच पुसला. दोन्ही. तिथल्या तिथे!"

"फोनवरून पुसलास. त्याच्या आधी तो वर चढला होता." माइलिसनं कॉफीचा घोट घेतला. थंड झाली होती. "त्या फोनना एक खातं लागतं, एवढं मलाही कळतं, कारण माझं खातं सारखं अडकतं. फोटो त्या खात्यात जातात. तर आर्नो, तुझ्या फोनमधलं खातं कुणाच्या नावावर आहे?"

आर्नो खिडकीबाहेर बघू लागला.

"माझं नाव मी त्यांना देणार नव्हतो," तो शेवटी म्हणाला. "मेलो तरी नाही."

"मग कुणाचं दिलंस?"

राइलीनं पावाची बशी टेबलाच्या बरोबर मध्यावर सरकवली.

"माझं," ती म्हणाली.

युर्कीचा कप बशीवर वाजला. आर्नोनं मान वळवली ती जणू कुणी पकडून वळवल्यासारखी.

"सगळी वर्षं तुझे फोटो माझ्याकडे येतात, आर्नो. तुझ्या गोळ्यांची पाकिटं, तुझं तळं, पायाला झालेली जखम. कॉफी पिता पिता बघते. फळीही तशीच आली. आधी वरून, टेप लावलेली, सडका कोपरा. मग खालून."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं!" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "याच टेबलावर. म्हटलं, आर्नो, तुझं सगळं माझ्या क्लाउडमध्ये येतंय. तू काय म्हणालास? 'माझ्यासमोर तो शब्द काढू नकोस.' नाही काढला."

"आणि मला बुधवारी कळायला हवं होतं," माइलिस म्हणाली. "तळ्याकाठी न जाणारी तू, आणि सडका कोपरा मला तूच सांगितलास. मला वाटलं, म्हण वापरतेयस."

राइली किंचित हसली. "मलाही तसंच वाटलं होतं. मनात काय साठलंय ते तोंडाला कुठं कळतं."

"पैसे कुणी दिले तुला?" युर्कीनं विचारलं. "त्यांनी?"

"त्यांना माझं नाव तरी ठाऊक असेल का रे?" राइलीनं हात पुसले. "ऑक्टोबरात एका बाईचा फोन आला. नवऱ्याची औषधं संपली होती. मी म्हटलं, घरच्या संगणकावरून करा. ती म्हणाली, संगणक तोच चालवायचा, पासवर्ड त्याच्या डोक्यात आहे आणि डोकं आता गेलंय. रडली नाही ती. 'बरं बाई, बघते,' म्हणाली आणि ठेवला. बघते म्हणजे काय बघणार होती? मी कारखान्यात असताना अपडेट पाठवायचंच काम करत होते. हिमेनाचा तुकडा तयार होता. शब्द होते. एका रविवारी बसले."

"लोकांच्या गोष्टी त्या कंपनीच्या घशात घातल्यास तू!" आर्नो ओरडला. "न विचारता! त्यांनी आपल्यावर भरवसा टाकला होता!"

"हो," राइली म्हणाली. "ते मी केलं. ते वाईटच केलं. आणि तू जे करत होतास तेही वाईटच होतं. आता बोल."

आर्नोनं खुर्ची मागं ढकलली.

मग हिमेना बोलली. आवाज इतका बारीक की सगळ्यांना पुढं झुकावं लागलं.

"बुधवारी तुम्ही मला कॉफी दिलीत."

राइली टेबलावरचे पावाचे कण गोळा करू लागली.

"गुरुवारीही. साखर घालून. म्हणालात, काळजी करू नकोस पोरी, सगळं ठीक होतं. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवत होते आणि तुम्ही संन्याशाला साखर विचारत होतात."

"मी आज सांगणार होते."

"आज किती वाजता? युर्कीनं नाही म्हटल्यावर की रायेननं शाळेचं दप्तर बांधल्यावर?"

"मला वाटलं होतं, बाहेरच्या कुणावर जाईल संशय. तुझ्यावर येईल असं…" राइली थांबली. मग तिनं खोटं बोलायचं सोडून दिलं. "नाही, आल्यावर कळलंच होतं. धीर झाला नाही. लोक इतके आभार मानत होते."


नऊ

पुढचं सगळं गुन्हा सापडल्यावर जसं व्हायला हवं तसं झालं नाही.

आर्नोचं म्हणणं, पोलिसांत जायचं. युर्कीचं म्हणणं, पोलिसांत गेलो तर पेपरात येईल की आपली मोहोर साउनाच्या बाकाखाली होती, आणि तिचा फोटो आपल्याच संस्थापकानं मोठ्या कंपनीच्या ढगात चढवला. आर्नोनं बाकाबद्दल बोलायला मनाई केली. राइलीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि कोट घातला. आतल्या खोलीत तिचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना, कारण काय बोलायचं ते त्या ऑफिसात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. शेवटी ती कोटासकट आत गेली आणि म्हणाली, "राउहा मदतकक्ष. हो काका. घाई नाही."

"अपडेट काढून टाकायचं," आर्नो म्हणाला. "आजच्या आज. शब्दही बदलायचे. हिमेना, तू लिही."

"काढलं की विर्रातच्या आजींची बँक बंद होणार," माइलिस म्हणाली.

"मग आधी जशी होती तशी."

"आधी कशी होती ते तुला कुठं ठाऊक आहे? फोन तर ती उचलायची."

आर्नोनं खुंटीवरचा कोट काढून हातावर घेतला, मग परत टांगला. कुठं जायचं ते त्याला सुचलं नसावं.

हिमेना जागची उठली नव्हती. "आधी माझा दुजोरा," ती युर्कीला म्हणाली. "इथं. माझ्यासमोर."

"सोमवारी शांतपणे…"

"आत्ता. आज शुक्रवार आहे. तुम्ही लोकांनी दोन दिवस मला चोर म्हटलं, मी बसून ऐकलं. आता एक बटण दाब."

तिनं 'तुम्ही लोकांनी' म्हणता म्हणता 'दाब' म्हटलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. युर्कीच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तो आपल्या टेबलापाशी गेला, खालचा ड्रॉवर उघडला, पाळणाघरासाठी ठेवलेला दुसरा फोन काढला. परवाना कार्यालयाच्या दारात उभं राहायलाही आधी बँकेनं ओळख पटवून द्यावी लागते. त्यानं अंगठा टेकवला. फोननं विचार केला. पुन्हा टेकवायला सांगितलं. पुन्हा टेकवला.

"झालं," तो म्हणाला.

"दाखव."

त्यानं दाखवलं. हिमेनानं दोनदा वाचलं, मग आपल्या संगणकाशी जाऊन बसली.

माइलिस तिच्यामागं उभी राहिली. पडद्यावर ओळी भराभर उतरत होत्या. राइलीनं जे आत घातलं होतं ते बाहेर काढायच्या ओळी. हिमेनाची बोटं थांबत नव्हती, पण जबडा आवळलेला होता.

"माझी खिडकी असती तर हे झालंच नसतं," ती मागं न बघता म्हणाली. "ज्याला हवी त्यानं उघडली असती. आर्नोला भिंत हवी होती, राइलीनं भिंतच पाडली. आणि भिंत परत बांधायला मी."

"मग नको लिहूस."

"लिहायलाच हवं. लोकांना न विचारता केलंय ते." काही ओळी गेल्यावर ती थांबली. "विचारलं असतं तर हो म्हणाले असते. सगळेच्या सगळे. हेच डोक्यात जातं."

माइलिसला पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण इथं तशी पद्धत नाही. तिनं कोट घातला आणि लिफ्टपाशी गेली. लिफ्टनं कार्ड मागितलं. शिव्या देत ती जिन्यानं उतरू लागली. वरून राइलीचा आवाज येत होता. कुणाला तरी ती समजावत होती की आज संध्याकाळनंतर कदाचित पुन्हा चालणार नाही, हो, ठाऊक आहे, मलाही वाईट वाटतंय, नाही, शेजाऱ्याकडे.

अपडेट उतरलं त्याच सोमवारी सकाळी, ऑफिसात कुणाला काही कळायच्या आधी, हिमेनानं परवान्याचा अर्ज आपल्या राउहा फोनवरून भरला होता.